अवस, उधाण आणि आमची ग्रँट

ग्रँट मंजूर झाल्याची मेल उघडली तेव्हा मी पनवेलच्या एसटी स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत अशी काही किंचाळले, की शेजारच्या केबिनमधला माणूस हेडफोन काढून उभाच राहिला. कॅफेवाल्याला वाटलं मला शॉक बसला. "बसला दादा, चांगला जोरात बसला!" म्हणत मी प्रिंट काढायला सांगितली. एक नाही, तीन. तीन कशाला, ते आजही सांगता येणार नाही. आनंद झाला की माझं डोकं चालत नाही. राग आला की मुळीच चालत नाही.

आमचा गट म्हणजे दहा-बारा पोरंपोरी. कुणी खारघरच्या कॉलेजातलं, कुणी विचुंब्याच्या नव्या बिल्डिंगांत राहायला आलेलं, आणि मी, उरणच्या बाजूला खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, शिकायला म्हणून पनवेलला मावशीकडे येऊन राहिलेली. शनिवारी संध्याकाळी वडाळे तळ्याच्या कठड्यावर बसायचं आणि तावातावाने बोलायचं. बुवाबाजी, जातपात, चार दिवस बाजूला बसवलेल्या बायका. मग शाळाशाळांत जाऊन रिकाम्या हातातून अंगारा काढून दाखवायचा आणि लगेच त्यातली हातचलाखीही सांगून टाकायची. देव असो वा नसो, माणसाने माणसाशी नीट वागावं, एवढंच आमचं तत्त्वज्ञान. मावशी म्हणायची, "एवढंच सांगायचं तर त्याला मीटिंग कशाला लागते गं?"

असे तरुणांचे गट जगभर असतात, त्यांची एक आंतरराष्ट्रीय मानवतावादी संघटना आहे आणि ती आमच्यासारख्या चिल्लर गटांनाही मदत करते, हा शोध खारघरवाल्याने लावला. खारघरवाला म्हणजे आमचा म्होरक्या. हुशार, उंच, बोलायला लागला की थांबत नसे. अर्ज त्याने लिहिला, पण कल्पना माझी होती. आमच्या गावात मच्छीमार सोसायटीचा जुना बर्फाचा गाळा वर्षानुवर्षं बंद पडला होता. तिथे पोरांसाठी एक खोली करायची: चार बाकं, दोन कपाटं पुस्तकं, एक चांगला सूक्ष्मदर्शक. परदेशातला पैसा आमच्यासारख्यांना थेट घेता येत नाही, म्हणून तो एका मोठ्या नोंदणीकृत संस्थेमार्फत यायचा होता. आम्हाला त्याचं काय! जगाच्या पाठीवर कुठेतरी कुणीतरी आमच्या गावाचं नाव वाचलं आणि "हो, द्या यांना" म्हटलं, ह्यानेच आम्ही चार बोटं वर चालत होतो.

आता गाळा मागायचा कुणाकडे? गावकीकडे. गावकी म्हणजे गावातल्या पंचांची बैठक, आणि तिच्यात बाईने तोंड उघडायची रीत नव्हती. मासळीबाजारात आमच्या बायांचा आवाज पार पलीकडच्या रस्त्यावर ऐकू जातो, पण गावकीत त्या दाराबाहेर. हे माझ्या डोक्यात तेव्हाही जायचं, आजही जातं. तर मी मागू शकत नव्हते. माझ्यासाठी बाबांनी मागितलं.

बाबा मुलखाचे अबोल. होडीवर चार शब्द, घरी दोन. ते बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले, "पोरगी शिकलेली हाय. तिला गाला द्या. काय वंगाल झालं तं मी हाय जामीन." थोरले पंच, म्हणजे गावकीतले सगळ्यांत वडीलधारे, त्यांच्या मनात नव्हतं. ही पोरं देव मानत नाहीत, उद्या आपल्या देवळाकडे बोट करतील, असं त्यांचं म्हणणं. पण बाबांचा शब्द म्हणून त्यांनी तात्पुरता गाळा दिला. उद्घाटनाला सगळे पंच येऊन बघणार, आणि पटलं तरच खोली राहणार. नाही पटलं तर गाळा जाईल, आणि बाबांचा शब्द वाया गेला म्हणून पुढच्या बैठकीत त्यांना मान वर करून बसता येणार नाही. आईने मला हे भाकऱ्या थापता थापता सांगितलं, आणि वर म्हणाली, "तुज्या बापाने आजवर कोनासाठी सबूद टाकला नव्हता, समजलीस?"

समजले होते. म्हणून तर धास्ती वाटत होती आणि तरी नाचावंसं वाटत होतं.

मग तारीख ठरवायची वेळ आली. आमच्या गटात एक रिवाज होता. मुहूर्त पाळायचा नाही एवढ्यावर आमचं समाधान होत नसे. मुद्दाम वाईटातला वाईट दिवस शोधायचा. कुणाचा वाढदिवस पितृपक्षात, कुणाच्या नव्या मोबाईलची खरेदी अमावस्येला, असं आमचं चालायचं, आणि त्यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर आम्ही कुठल्याही भटजीपेक्षा बारकाईने वाचायचो. खारघरवाल्याने बोट फिरवलं आणि टाळीच वाजवली. "सर्वपित्री अमावस्या! आणि वेळ भर दुपारी बारा! याहून अशुभ अख्ख्या वर्षात काही नाही!"

सगळे खूश. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अवसेला नको."

झालं! सगळे माझ्यावर तुटून पडले. "का नको?" "काय गं, भूतबित दिसतं काय?" विचुंब्याची माझी मैत्रीण तर लिंबू-मिरची आणायला निघाली. खारघरवाला म्हणाला, "नको तर नको, पण कारण सांग. एक तरी कारण."

कारण मला सापडेना. अवसेला आमच्याकडे नवं काही करत नाहीत, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं, पण का करत नाहीत हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. सगळे हसत होते. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "करा तर मग अवसेलाच! भर बारालाच करा! मी काय भिते की काय?" म्हणून मी स्वतःच कॅलेंडरवर लाल गोल काढला.

घरी सांगितलं तेव्हा बाबा जाळं सांधत बसले होते. त्यांचा हात थांबला. आईने तोंड उघडलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोरांनी ठरवलाय ना? मंग झाला." मला इतकं हायसं वाटलं की मी पुढे काही विचारलंच नाही. बाबांना वाटलं, आपण अवसेचं काही बोललो तर पोरीची शिकलेली माणसं आपल्याला अडाणी म्हणतील. हे मला नंतर आईकडून कळलं. गावातल्या बाकीच्यांनीही तेवढ्यासाठीच तोंडाला कुलूप लावलं होतं. अंधश्रद्धेवर बोलणारी मंडळी आली की माणसं खऱ्या गोष्टीही बोलेनाशी होतात, हा धडा मला कुठल्याच शिबिरात कुणी शिकवला नव्हता.

पण तोपर्यंतचे दिवस काय होते म्हणून सांगू! रविवारी रविवारी अख्खा गट सहा आसनी रिक्षांत कोंबून गावात यायचा. गाळ्यातला, बर्फ झाकायचा जुना लाकडाचा भुसा आम्ही पाट्या भरभरून काढला. भिंतींना चुना लावताना निम्मा चुना खारघरवाल्याच्या केसांत गेला. आमच्या आळीतल्या बाया दारातून बघत राहायच्या आणि शहरातल्या पोरांना झाडू धरता येत नाही म्हणून पोट धरधरून हसायच्या. तिसऱ्या रविवारी त्यांनी झाडू हिसकावून घेतला आणि मग सगळ्यांना तळलेले बोंबील वाढले. सूक्ष्मदर्शक आला तेव्हा तर आम्ही तो खोक्यातून काढून पुन्हा खोक्यात ठेवायचो, नुसता काढताना बघायला मजा यायची म्हणून.

आणि पाहुणी येणार होती. ग्रँट देणाऱ्या संघटनेच्या आशियातल्या तरुण गटांचं काम बघणारी, नेपाळची. आम्ही उगाचच गोऱ्या बाईची तयारी करत बसलो होतो, काटे-चमचे वगैरे. आली ती आमच्याच वयाची, गालावर खळी पडणारी, पाठीवर सॅक, आणि स्वच्छ हिंदी बोलणारी. पनवेलला उतरताच तिने पहिला प्रश्न विचारला, "समंदर कहाँ है? मैंने कभी देखा नहीं." डोंगरातली मुलगी! मी म्हटलं, "चल, दाखवते, आमच्या दारातच आहे."

अमावस्येच्या दिवशी आम्ही साडेदहाला गावात पोचलो. पताका, रांगोळी, बाकांवर धुतलेली चादर. पंच पांढऱ्या टोप्या घालून गाळ्यासमोर खुर्च्यांवर ओळीने बसले होते, बाबा सगळ्यांत शेवटी. बायाबापड्या, पोरंटोरं, सगळा गाव लोटला होता. खारघरवाल्याने माइक हातात घेतला आणि पहिल्याच वाक्यात म्हणाला, "आज अमावस्या आहे, आणि बघा, काही होतंय का!"

पंधरा मिनिटांत व्हायला लागलं.

आधी धक्क्याच्या दगडांवरून पाणी आलं. मग पंचांच्या खुर्च्यांच्या पायांशी. पोरं उड्या मारायला लागली. मी लहानपणी पाहिलं होतं, उधाण आलं की गाळ्याच्या खालच्या पायरीला पाणी लागतं, तेवढंच. पण मी पनवेलला राहायला गेल्यापासून द्रोणागिरीकडे नव्या वसाहतीसाठी भराव पडत गेला होता, खाडीची पसरायची जागा गेली होती, आणि आता ते पाणी तिन्ही पायऱ्या चढून सरळ आमच्या नव्या खोलीत शिरलं. खालच्या खणातली पुस्तकं! मी ओरडले आणि धावले. माझ्यामागून आमच्या आळीतल्या बाया धावल्या, मासळीच्या टोपल्या घेऊन. बघता बघता सगळी पुस्तकं टोपल्यांत आणि टोपल्या डोक्यांवर. एकही भिजलं नाही. सुकटीचा वास मात्र त्यांना कायमचा लागला.

खारघरवाला माइक उंच धरून पाण्यात उभा होता, तोंडाचा आ वासलेला. पाहुणी मात्र टाळ्या पिटत होती. "समंदर खुद आ गया!"

तेवढ्यात थोरले पंच खुर्चीवरून उठले. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे राहून त्यांनी अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "भोवली ना अवस? मी बोललो व्हतो." आणि मग बाबांकडे वळून, "जामीन व्हतास ना रं तू?"

बाबा उठले. मान खाली.

माझं सगळं रक्त डोक्यात चढलं. राग कुणाचा म्हणून सांगू? पंचांचा, खारघरवाल्याचा, त्या लाल गोलाचा, माझा स्वतःचा! मी खारघरवाल्याच्या हातातून माइक ओढून घेतला. गावकीपुढे बाईने बोलायचं नाही हे त्या क्षणाला माझ्या ध्यानातसुद्धा नव्हतं.

"बरोबर हाय तुमचं," मी म्हटलं. "अवसेनंच पानी आनलंय."

आता सगळे चकितच झाले. आमच्या गटातली पोरं तर माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं माझ्या अंगात आलंय.

"पन मना सांगा, पुनवेला उधाण येतं का नाय?"

मागून बाया ओरडल्या, "येतं गो! अवसेयेवढंच येतं!"

"नारली पुनवेला आपन नाचत-गात दर्याला सोन्याचा नारल देतो. त्या दिवशी पानी चढतं का नाय? मंग पुनव चांगली आनि अवस वंगाल, हे कोनी ठरवलं? पानी तं दोन्ही दिवशी सारखंच!"

थोरले पंच उभेच राहिले. मी हातवारे करत सुटले. चंद्र पाणी ओढतो, सूर्यही ओढतो. अवसेला दोघं एकाच बाजूने दोर ओढतात, पुनवेला समोरासमोरून, पण रेघ एकच, म्हणून जोर येतो आणि उधाण येतं. अष्टमीला एक उभा ओढतो, दुसरा आडवा, मग जोरच उरत नाही, पाणी जेमतेम हलतं. "आनि त्याला आपन काय बोलतो?"

"भांग!" अख्खा गाव एका सुरात ओरडला. लहान भरतीचं ते आमच्याकडचं नाव. शेंबड्या पोरांनाही माहीत असतं.

तारीख ठरवताना मला न सापडलेलं कारण असं सगळ्या गावाच्या तोंडून बाहेर पडलं होतं. मी गटाकडे वळले. "आणि तुम्ही! मुहूर्त मानत नाही म्हणता आणि कॅलेंडर उघडून सगळ्यांत वाईट दिवस शोधता. तो मुहूर्त नाही तर काय? अशुभ शोधलंत, पण खाडी कधी भरते ते विचारलंत का? मीही विचारलं नाही. माझ्या बाबांना विचारायला हवं होतं, ते तिथेच जाळं सांधत बसले होते."

विचुंब्याची मैत्रीण हळूच म्हणाली, "मी लिंबू-मिरची आणायला निघाले होते," आणि ती स्वतःच हसायला लागली. मग सगळेच. खारघरवाल्याने दोन्ही कान पकडले. खरंच पकडले, गावासमोर, आणि त्या दिवसापासून तो मला पहिल्यापेक्षा जास्त आवडायला लागला.

मी खोलीच्या दारातल्या टेबलावरचा सूक्ष्मदर्शक पुढे ओढला. तो उंचावर होता म्हणून वाचला होता. वाकून पायाखालच्या पाण्यातला एक थेंब काचेवर घेतला, आरसा उन्हाकडे फिरवला आणि थोरल्या पंचांना म्हटलं, "या आबा. आज खोलीत आलेला पहिला पाहुणा बघून घ्या."

ते यायला तयार नव्हते. पण गाव बघत होता, आणि कुतूहल कुणाला चुकलंय? टोपी मागे सारून त्यांनी डोळा लावला. मग एकदम दचकून मागे झाले. "अरं! ह्याला पाय हायेत!" पुन्हा डोळा लावला. "आनि ह्यो बारका बघ, कसा पलतंय! आयला! जिता हाय ह्यो!"

झालं, रांगच लागली. बाया, पोरं, बाकीचे पंच, पाहुणी. गुडघ्यापर्यंत लुगडी खोचलेल्या बायांनी एकमेकींना कोपरं मारून नंबर लावले. "अगो बाय, कोलंबीच्या पिल्लासारका हाय की!" "हाड, कोलंबी कसली, दुसरंच कायतरी हाय!" पाण्यात उभं राहून भांडण जुंपलं. मला रडू येत होतं आणि मी हसत होते. इतकी खूश मी त्या आधी कधी झाले नव्हते, खोटं कशाला बोलू.

खारघरवाला पाहुणीकडे जाऊन खाल मानेनं विचारत होता, "आप रिपोर्ट में क्या लिखेंगी?" ती पँट दुमडून बाकावर बसली होती, पाण्यात पाय हलवत. म्हणाली, "लिखूँगी, उद्घाटन समंदर ने किया. और अगली बार के लिए सबसे पहले अलमारियाँ ऊँची चाहिए." तिने पाणी परत कधी जाणार हे विचारलं, तर वीस बाया एकदम उत्तर द्यायला धावल्या.

ओहोटी लागली तसं पाणी पायऱ्या उतरायला लागलं. थोरल्या पंचांनी खुर्ची झटकली आणि बसले. बाकीचे पंच ओळीने बसले. बाबा अजून उभेच होते. मला वाटलं, आता निकाल.

"तुजा सबूद सुटला रं," थोरले पंच बाबांना म्हणाले. "जामिनाची गरज नाय आता. ह्या पोरीचा सबूद घेतो आमी." मग माझ्याकडे बघून, "बोल. गाला परत कवा उघडायचा? तुजा तू दिवस सांग."

आमच्या गावकीने बाईला काही विचारल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मी म्हणाले, "आठमीला, आबा. सकाळी. भांगाचं पानी आसंल."

"आठमीला," पंचांनी मान डोलावली आणि दुसऱ्या पंचांकडे वळून तेच पुन्हा सांगितलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आपली खुर्ची त्यांनी उचलली, भिजलेला लेंगा सावरत एक हात बाजूला सरकवली, आणि पंचांच्या ओळीत एक जागा मोकळी केली. मग कोपऱ्यातलं एक बाक स्वतः ओढून आणून तिथे ठेवलं आणि त्यावरचं पाणी खांद्यावरच्या टॉवेलने पुसलं. मी जाऊन बसले.